एका नदीकाठचे दोन फिग्नर

१९ डिसेंबर १८९०. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ७ डिसेंबर. सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहात चायकोव्स्कीच्या ‘इस्पिकची राणी’ या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग. सहावा प्रवेश. मध्यरात्र, नेवा नदीला मिळणाऱ्या एका छोट्या कालव्याचा काठ, आणि मागे, नदीपलीकडे, चांदण्यात उजळलेला एक किल्ला. संहितेतील रंगसूचनेतच त्याचे नाव आहे : पीटर आणि पॉल किल्ला.

या दृश्यासमोर उभा राहून गाणारा नायक होता टेनर निकोलाय फिग्नर. सहा-सात वर्षांपूर्वी त्याची थोरली सख्खी बहीण त्याच किल्ल्याच्या कोठडीत खटल्याची वाट पाहत होती. प्रयोगाच्या त्या रात्री ती त्याच नदीच्या उगमाशी, शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, श्लिसेलबुर्गच्या बेटावरील तुरुंगात जन्मठेप भोगत होती.

तिचे नाव वेरा फिग्नर. सम्राट दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येचा कट रचणाऱ्या कार्यकारी समितीची ती सदस्य होती.

रशियन क्रांतीविषयी वाचणाऱ्यांना वेरा ठाऊक असते आणि ऑपेराच्या चाहत्यांना निकोलाय. हे दोघे एकाच घरातले, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. आजचा धागा मुख्यतः भावाविषयी आहे. पण बहिणीला बाजूला ठेवून त्याची गोष्ट सांगताच येत नाही.

कझान प्रांतातील हे एक जमीनदार सरदार घराणे. वडील वनखात्यात. सहा मुले मोठी झाली. वेरा सगळ्यांत थोरली, जन्म १८५२ चा. निकोलाय १८५७ चा. वेरा वैद्यकशास्त्र शिकायला झुरिकला गेली आणि तिथे पदवीऐवजी क्रांतीची दीक्षा घेतली. धाकट्या लिदियाला १८७७ च्या ‘पन्नास जणांच्या खटल्यात’ आणि येवगेनियाला १८८० च्या ‘सोळा जणांच्या खटल्यात’ शिक्षा झाली. दोघींच्या वाट्याला सायबेरिया आला. मुली अशा एकेक करून राज्यसत्तेविरुद्ध उभ्या राहत असताना निकोलाय मात्र सम्राटाच्या नौदलात होता. नौदलाच्या छात्रशाळेतून १८७८ साली तो अधिकारी होऊन बाहेर पडला.

१ मार्च १८८१ रोजी, जुन्या पंचांगानुसार, पीटर्सबर्गच्या रस्त्यावर बॉम्ब फुटला आणि सम्राट गेला. त्याच वर्षी निकोलायने नौदल सोडले. या दोन घटनांची गाठ मारण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. निकोलायला गायक व्हायचे होते आणि राजकारणात त्याला रस नव्हता.

गायक व्हायचे, पण गळा कुठे होता? पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत त्याने धडे घेतले, मात्र तिथल्या गुरुजनांना त्याच्यात मोठा टेनर दिसला नाही. ऑपेराशी नव्याने ओळख होत असलेल्यांसाठी थोडे थांबतो. टेनर म्हणजे पुरुषांच्या आवाजांपैकी वरच्या पट्टीत फिरणारा आवाज. नायकाची, प्रियकराची भूमिका बहुधा याच्याच वाट्याला येते, आणि प्रेक्षक त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा करतात : आवाजाची झळाळी आणि वरच्या स्वरांवरची हुकमत. ध्वनिवर्धक नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या वृंदाला ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे ते उघड्या गळ्याने. फिग्नरचा आवाज या मोजपट्टीत बसत नव्हता. तो निसर्गतः गोड नव्हता. समकालीनांनी त्याला कोरडा म्हटले आहे.

त्याने मग त्या काळातील प्रत्येक गायक करीत असे तेच केले. तो इटलीला गेला. १८८२ साली नेपल्समध्ये गूनोच्या एका ऑपेरातून तो पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि पुढची चार-पाच वर्षे इटलीत व इटलीबाहेर, जिथे करार मिळेल तिथे गात राहिला. श्वास किती पुरवायचा, शब्द कुठे ठेवायचा, कुठे आवाज दाबून अर्ध्या स्वरात बोलल्यासारखे गायचे, याचा अभ्यास या वर्षांत झाला. देणगी तोकडी असलेल्या माणसाला हिशेब चोख ठेवावा लागतो. फिग्नरची सगळी कला या हिशेबातून उभी राहिली, असे मला वाटते.

दरम्यान फेब्रुवारी १८८३ मध्ये वेरा खारकोव्हला पकडली गेली. देगायेव्ह नावाच्या सहकाऱ्याने फितुरी केली होती. त्यानंतरचे सुमारे दीड वर्ष तिने पीटर आणि पॉल किल्ल्यात काढले. सप्टेंबर १८८४ मध्ये चौदा जणांवर खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. नवा सम्राट तिसरा अलेक्झांडर, म्हणजे मारल्या गेलेल्या सम्राटाचाच मुलगा, याच्या कारकिर्दीत ती जन्मठेपेवर आली. ऑक्टोबरमध्ये बत्तीस वर्षांच्या वेराला श्लिसेलबुर्गला नेण्यात आले. लादोगा सरोवरातून नेवा जिथे बाहेर पडते, तिथल्या बेटावरचा हा किल्ला. कैदी भिंतीवर ठोके देऊन एकमेकांशी बोलत. घरची पत्रे बंद. ही पत्रबंदी थोडीथोडकी नव्हे, तेरा वर्षे टिकली.

आता पुन्हा भावाकडे, आणि थेट दक्षिण अमेरिकेत.

१८८६ साली एक इटालियन ऑपेरा मंडळी ब्राझीलच्या दौऱ्यावर होती. तिच्यात टेनर म्हणून फिग्नर होता आणि फ्लॉरेन्सची एक तरुण गायिका होती, मेदेआ मेई. रिओ द जानेरोत ब्राझिलियन वृंदसंचालकाचे मंडळींशी बिनसले आणि तो निघून गेला. ३० जूनला ‘आइदा’चा प्रयोग होता, बदली संचालकाला प्रेक्षकांनी आरडाओरडा करून हाकलले. शेवटी वृंदात चेलो वाजवणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे ढकलण्यात आले. त्याने समोरची स्वरलिपी मिटली आणि सगळा ऑपेरा स्मरणातून चालवला. तो मुलगा म्हणजे आर्तुरो तोस्कानिनी.

ही कथा प्रसिद्ध आहे. तिचा पुढचा भाग तितकासा प्रसिद्ध नाही. युरोपात परतल्यावर तोस्कानिनी पुन्हा चेलोवादक होऊन बसला असता. फिग्नरने त्याची शिफारस केली. त्यामुळेच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुरिनला कातालानीच्या ‘एद्मेआ’चे संचालन त्याच्याकडे आले, आणि त्यात नायकाच्या भूमिकेत फिग्नर होता. विसाव्या शतकातील सर्वांत दरारा असलेल्या वृंदसंचालकाची इटलीतली सुरुवात अशी एका रशियन टेनरच्या शब्दावर झाली.

१८८७ साली फिग्नर पीटर्सबर्गला परतला, सोबत मेदेआ मेई. मुहूर्त बघा. त्याच वर्षी मार्चमध्ये तिसऱ्या अलेक्झांडरला मारण्याचा कट उघडकीस आला आणि मे महिन्यात अलेक्झांडर उल्यानोव्ह व त्याच्या साथीदारांना फाशी दिली गेली, तीही श्लिसेलबुर्गच्याच आवारात. (होय, लेनिनचा थोरला भाऊ.) अशा वर्षी ‘फिग्नर’ हे आडनाव सम्राटाच्या खासगी खजिन्यातून चालणाऱ्या नाट्यगृहाच्या जाहिरातीवर झळकले.

हे घडू कसे शकले? एक कारण व्यावहारिक आहे. पीटर्सबर्गच्या उमरावांना पिढ्यान्‌पिढ्या इटालियन ऑपेराची चटक होती, आणि दरबाराची इटालियन मंडळी १८८५ साली बंद झाली होती. रशियन मंडळींना आता एकटीने नाट्यगृह भरायचे होते. त्यासाठी इटालियन घडणीचा, पण रशियन भाषेत गाणारा, सरदार घराण्यातला, देखणा, शिष्टाचारात मुरलेला टेनर हवा होता. फिग्नर हे सगळे होता. दुसरे कारण असे की राजसत्तेला भावाची काहीच अडचण नव्हती. त्याने कधी राजकीय भाषण केले नाही. त्याला पुढे ‘सम्राटांचा गायक’ हा किताबही मिळाला. बहीण बेटावर, भाऊ रंगमंचावर. राज्याच्या दृष्टीने दोघेही आपापल्या जागी होते.

१८८९ साली निकोलाय आणि मेदेआ यांचे लग्न झाले. या जोडप्यासाठी पीटर्सबर्ग अक्षरशः वेडे झाले. आणि नेमक्या याच सुमारास नाट्यगृहांचे संचालक व्सेवोलोझ्स्की यांनी चायकोव्स्कीपुढे पुश्किनच्या कथेवरील ऑपेराचा प्रस्ताव ठेवला.

पुश्किनची मूळ कथा थंड, उपरोधिक आहे. हेर्मान हा अभियंता अधिकारी दुसऱ्यांचा जुगार रात्ररात्र बघतो, स्वतः पत्त्याला हात लावत नाही. एका वृद्ध काउंटेसला तीन पत्त्यांचे हमखास जिंकून देणारे गुपित माहीत आहे असे कळते आणि ते मिळवण्यासाठी तो तिच्या पोरक्या आश्रितेला, लिझाला, गळाला लावतो. ऑपेरात चायकोव्स्की आणि त्याचा संहिताकार भाऊ मोदेस्त यांनी हा हेर्मान पालटला. इथे तो लिझावर खरोखर प्रेम करतो; मग हळूहळू त्या तीन पत्त्यांचे वेड प्रेमाला गिळून टाकते.

चायकोव्स्कीने १८९० च्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये बसून हा ऑपेरा ४४ दिवसांत लिहून काढला. (कच्चा आराखडा, पूर्ण वृंदरचना नव्हे, तरीही वेग थक्क करणारा आहे.) शेवटचा प्रवेश लिहिताना हेर्मानच्या मृत्यूवर तो ढसाढसा रडला. नंतर मोदेस्तला लिहिलेल्या पत्रात त्याने या रडण्याचे कारण शोधले आहे : हेर्मान त्याच्यासाठी केवळ संगीत लिहिण्याचे निमित्त उरला नव्हता, जिवंत माणूस झाला होता, आणि हे बहुधा यामुळे की लिहिताना सतत डोळ्यांपुढे फिग्नर होता, जो त्याला मनापासून आवडत असे.

ऑपेराच्या इतिहासात विशिष्ट गायकासाठी भूमिका लिहिणे नवे नाही. पण इथे रचनाकार गायकाच्या गळ्यापुढेच थांबत नाही, त्याच्या व्यक्तिमत्त्वातून पात्र घडवतो. सात प्रवेशांपैकी सातांत हेर्मान आहे. त्याला मोठी, टाळ्या घेणारी एकल गाणी कमी आहेत. तुटक ओळी, स्वतःशी पुटपुटणे, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये खूप. चौथ्या प्रवेशात तो मध्यरात्री वृद्धेच्या शयनगृहात शिरतो, विनवतो, धमकावतो, पिस्तूल काढतो, आणि ती भीतीने मरते. निव्वळ सुंदर आवाजाचा टेनर इथे उघडा पडतो. शब्दावर पकड असलेला, पुटपुटणेसुद्धा स्वरात ठेवू शकणारा कोरड्या आवाजाचा टेनर इथे राज्य करतो. फिग्नरची उणीवच या भूमिकेत कामाला आली.

सगळेच सुरळीत नव्हते. चायकोव्स्की उन्हाळ्यात स्वरलिपी घेऊन तूला प्रांतातील फिग्नरच्या इस्टेटीवर गेला, तेव्हा शेवटच्या प्रवेशातील जुगाराच्या टेबलावरचे गाणे फिग्नरला फार उंच वाटले. चायकोव्स्कीने ते त्याच्यासाठी खालच्या पट्टीत आणले. आजही अनेक गायक ते खालीच गातात, फिग्नरचे आभार न मानता.

आणि दाढी! भूमिका कोणतीही असो, फिग्नरच्या मिशा आणि टोकदार दाढी जागच्या जागी असे. हेर्मानच्या वेशातील छायाचित्रांतही ती दिसते. ऑपेराचा काळ कॅथरीन महाराणीचा, म्हणजे तुळतुळीत दाढी केलेल्या आणि पावडर लावलेल्या अधिकाऱ्यांचा. अभिनयासाठी नावाजलेल्या नटाची ही हौस प्रेक्षकांनी मुकाट्याने सोसली.

त्याच ऑपेरात आणखी एक गंमत आहे. तिसऱ्या प्रवेशात नृत्यसमारंभाला खुद्द महाराणी येते. सगळे वाकतात, समूह तिचा जयजयकार करतो, आणि ती रंगमंचावर येण्यापूर्वीच पडदा पडतो. रोमानोव्ह घराण्यातील राज्यकर्त्यांचे पात्र ऑपेराच्या रंगमंचावर आणण्यास मनाई होती. महाराणी दाखवायची नाही. किल्ला मात्र दाखवता येत होता.

सहाव्या प्रवेशात त्या किल्ल्यासमोर लिझा हेर्मानची वाट पाहते. लिझा होती मेदेआ. तो येतो, क्षणभर दोघे प्रेमाचे गातात, मग तो पत्त्यांचे बरळू लागतो, तिला ढकलून जुगाराच्या अड्ड्याकडे धावतो आणि ती पाण्यात उडी घेते. पहिल्या रात्री प्रेक्षकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतले. चायकोव्स्कीने नंतर एका मित्राला लिहिले की फिग्नरने आणि पीटर्सबर्गच्या वृंदाने चमत्कार केला.

एका कल्पनेपायी सर्वस्व होरपळून घेणारा माणूस फिग्नरने इतका खरा कसा उभा केला, याचे उत्तर बेटावरच्या बहिणीत शोधणारे असतात. मला ते पटत नाही. हेर्मान आणि वेरा यांच्यात वेडाखेरीज काही समान नाही, आणि वेराच्या वेडात स्वतःसाठी काहीच नव्हते. शिवाय फिग्नरचा हेर्मान चार-पाच वर्षांच्या वणवणीत कमावलेल्या तंत्रावर उभा होता. तंत्राचे श्रेय दुःखाला देणे हा गायकावर अन्याय आहे.

यश मिळत गेले. १८ डिसेंबर १८९२ रोजी चायकोव्स्कीचा शेवटचा ऑपेरा ‘योलांता’ रंगमंचावर आला. (त्याच संध्याकाळी, त्याच्या जोडीने ‘नटक्रॅकर’ हा बॅलेही पहिल्यांदा झाला.) आंधळ्या राजकन्येच्या भूमिकेत मेदेआ, तिला प्रकाश म्हणजे काय ते सांगणाऱ्या सरदार वोदेमोंच्या भूमिकेत निकोलाय. १८९३ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, चायकोव्स्कीने सहा गीतांचा संच पुरा केला, क्रमांक ७३. ती त्याची अखेरची गीते. अर्पण : निकोलाय फिग्नर. १८९५ मध्ये मारिइन्स्कीचा प्रमुख संचालक नाप्राव्निक याच्या ‘दुब्रोव्स्की’त फिग्नर पुन्हा पुश्किनचा नायक झाला. या वेळी अन्यायाने दरोडेखोर बनलेला सरदार. जमीनदाराविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या सरदारपुत्रासाठी सम्राटाच्या नाट्यगृहात टाळ्या पडत होत्या, आणि तिकडे खऱ्या सरदारकन्येला अजून घरचे एक पत्रही मिळत नव्हते.

ती पत्रे १८९७ साली सुरू झाली, वर्षातून दोनदा. म्हणजे भाऊ हेर्मान झाला, वोदेमों झाला, दुब्रोव्स्की झाला, हे सगळे त्या तेरा वर्षांच्या मौनात घडून गेले. १९०२ मध्ये पत्रांवर पुन्हा बंदी आली, तेव्हा वेराने तुरुंगाधिकाऱ्याच्या खांद्यावरची पदचिन्हे ओरबाडून काढली. या गुन्ह्याला फाशी होऊ शकत होती. ती झाली नाही. पुढच्या वर्षी मरणासन्न आईने मुलीला न विचारता दयेचा अर्ज केला आणि जन्मठेपेची वीस वर्षे झाली. वेरा आईवर मनस्वी संतापली. पुढे तिने माफी मागितली. आई नोव्हेंबर १९०३ मध्ये गेली. वेरा १९०४ मध्ये सुटली.

याच सुमारास भावाच्या आयुष्यातही पडझड चालू होती. मेदेआशी घटस्फोट झाला. आवाज थकला होता. हिशेबाने वापरलेली पुंजीही कधीतरी संपते. १९०७ नंतर तो मारिइन्स्कीवर उरला नाही. १९१० ते १९१५ या काळात त्याने पीटर्सबर्गच्या ‘लोकगृहा’तील ऑपेरा मंडळी चालवली. स्वस्त तिकिटे, प्रेक्षकांत कामगार आणि कारकून. उमरावांचा लाडका गायक अखेर सामान्यांना ऑपेरा ऐकवू लागला, याचे मला मारिइन्स्कीच्या किताबापेक्षा अधिक अप्रूप वाटते.

त्याचा आवाज आज ऐकायचा तर विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ग्रामोफोन कंपनीने पीटर्सबर्गमध्ये केलेल्या काही तबकड्या उपलब्ध आहेत, काही मेदेआसोबत गायलेल्या. चाळिशी उलटलेला, कर्ण्यासमोर जागचा न हलता गाणारा गायक. पहिल्यांदा ऐकाल तर निराश व्हाल. आवाज पातळ, खरखर भरपूर. ज्या अभिनयावर त्याची कीर्ती उभी होती तो तबकडीत उतरणे शक्यच नव्हते. दुसऱ्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष द्या, रशियन येत नसले तरी. प्रत्येक व्यंजन जागेवर आहे. ओळीचा शेवट कुठेही गळत नाही, आणि आवाज लहान होतो तिथे तो जाणूनबुजून लहान केलेला आहे.

क्रांतीनंतर फिग्नर कीव्हला गेला आणि तिथल्या संगीतशाळेत शिकवू लागला. १३ डिसेंबर १९१८ रोजी तो तिथेच वारला. शहराच्या वेशीवर पेत्ल्युराचे सैन्य होते. दुसऱ्याच दिवशी हेटमान स्कोरोपाद्स्कीची सत्ता कोसळली. मेदेआ पुढे पॅरिसला गेली आणि १९५२ साली तिथे निवर्तली. वेरा या सगळ्यांतून तगून राहिली. तिने आठवणी लिहिल्या, सोव्हिएत काळातही कम्युनिस्ट पक्षात जायचे नाकारले, आणि १९४२ च्या जूनमध्ये, जर्मन सैन्य रशियात खोलवर शिरलेले असताना, नव्वदीला टेकलेली ती मॉस्कोत गेली. भावाच्या मृत्यूनंतर साडेतेवीस वर्षांनी.

‘इस्पिकची राणी’ आजही मारिइन्स्कीवर होते.